दुधी की पारभासी

आमच्या ऑफिसात संगणकातलं काहीही न कळणारी दोनच माणसं होती, एक मी आणि दुसरे सर. विद्यापीठाच्या पुढे औंधकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक नवी काचेची इमारत झाली होती, तिच्या चौथ्या मजल्यावर आमची कंपनी. नवं शतक लागताना जगातले सगळे संगणक एकदम बंद पडणार म्हणून जी घबराट झाली होती ती नुकतीच ओसरली होती, आणि पुण्यात जो तो कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरच्या क्लासला जात होता. कंपनीने चित्रं काढायचा, जाहिराती आणि लग्नपत्रिका तयार करायचा एक प्रोग्राम मराठीत आणायचं काम घेतलं होतं. आतलं यंत्र तेच, फक्त पडद्यावरचे शब्द मराठी. ते शब्द शोधायचे ही माझी नोकरी, आणि मी शोधलेले शब्द तपासायचे ही सरांची.

सर कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेले. नारायण पेठेत राहायचे, पांढरा इस्त्रीचा बुशशर्ट घालून स्कूटरवर यायचे आणि आल्याआल्या कुणाच्या तरी शुद्धलेखनावर एक वाक्य टाकून खुर्चीत बसायचे. मी मराठीत एम.ए. झालेली, चंद्रपूरकडची, लग्न होऊन नुकतीच पुण्याला आलेली. पुण्यात आडनावाच्या आधी 'मूळचे कुठले' असं विचारतात. सरांनीही पहिल्या दिवशी तेच विचारलं, मग आडनाव विचारलं. मी दोन्ही सांगितलं. ते 'हं' म्हणाले. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली तेव्हा माझे बाबा शाळेतसुद्धा जात नव्हते. आमच्या घरात कुणी कधी काही लपवलं नव्हतं. पण त्या 'हं'चा अर्थ काय लावायचा, हे मी घरी जाताना स्वारगेटपर्यंत बसमध्ये घोळवत राहिले. अर्थ असेलही, नसेलही. पुण्यातले पहिले काही महिने माझे असेच गेले, समोरच्याला माझं नक्की काय दिसतंय याचा अंदाज घेण्यात.

बोलण्याच्या ओघात माझ्या तोंडून 'करून राहिले' असं निघायचं. सर मान वर न करता म्हणायचे, "राहा की. पण करतेय म्हणा."

तर त्या प्रोग्राममध्ये एक शब्द आला. चित्रावर रंगाचा थर चढवायचा, पण असा की खालचं चित्र थोडं कळावं आणि पुरतं दिसू नये. त्याला मराठीत काय म्हणायचं? सरांचा शब्द तयार होता. पारभासी. पारदर्शक म्हणजे पलीकडचं दिसतं, पारभासी म्हणजे पलीकडे काहीतरी आहे असा भास होतो. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो, शुद्ध आहे, सुटसुटीत आहे. मी म्हटलं, पुस्तकाबाहेर हा शब्द मी एकदाही ऐकलेला नाही. लोक दुधी म्हणतात. बाथरूमच्या खिडकीला कुठली काच बसवायची म्हटलं तर दुकानदार दुधी काच दाखवतो.

"दुधी म्हटलं की मला भोपळा आठवतो," सर म्हणाले.

मग अर्धपारदर्शक म्हणू या, मी म्हटलं. त्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे काय? अर्धी काच पारदर्शक आणि अर्धी नाही?"

मला राग यायचा आणि मजाही वाटायची. त्या एका शब्दासाठी मी घरीदारी लक्ष ठेवू लागले. पाककृतीच्या पुस्तकात कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावा असं लिहिलेलं असतं. मी कढईतली फोड चमच्यावर घेऊन खिडकीशी धरली, पलीकडचं काही दिसत नव्हतं, उजेड मात्र येत होता. शिजलेला साबुदाणा तसाच. भजी बांधून आणलेल्या वर्तमानपत्राला तेल लागलं की मागच्या पानावरची अक्षरं उलटी उमटतात, तेही तसंच. वाळत घातलेल्या कुरडया पहिल्या दिवशी पांढऱ्या असतात आणि उन्हात हळूहळू तशा होतात. इतक्या साऱ्या गोष्टी रोज हाताखालून जातात आणि त्यांना मिळून एक शब्द नाही, किंवा आहे तो कुणी वापरत नाही. मी हे सगळं सरांना सांगायची. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, उत्तम, आता प्रोग्रामात कुरडई असं लिहू.

आम्ही राहायचो गुलटेकडीला, दोन खोल्यांत. माझा नवरा मार्केट यार्डातल्या एका ट्रान्सपोर्टच्या कचेरीत होता. कुठला ट्रक कुठे पोचला, कुठला अडकला, हे दिवसभर फोनवर विचारत बसायचं त्याचं काम. सकाळी तो मला स्कूटरवरून स्वारगेटला सोडायचा. आधी यार्डात थांबून रात्रीच्या गाड्यांची चौकशी करायचा, मग आम्ही पुढे निघायचो. एका सकाळी भुसार बाजाराच्या बाजूला बाजरीची पोती उतरत होती. हमाल पोती पाठीवरून सोडत होते आणि धुरळा उडत होता. आम्ही शेजारून निघालो आणि माझ्या डाव्या डोळ्यात काहीतरी घुसलं. नवऱ्याने स्कूटर थांबवली, पापणी वर करून रुमालाच्या टोकाने ते काढलं. बाजरीचं कुसळ होतं, पापणीच्या केसाएवढं. मी पाण्याने डोळा धुतला आणि बस पकडली.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "स्वतःच्या डोळ्यातलं कुसळ दिसलेल्या आपण पहिल्याच."

पुढच्या आठवड्यात डोळा लाल झाला आणि उजेड सहन होईना. मग एका सकाळी आरशात पाहिलं तर काळ्या बुबुळावर पांढरट ठिपका होता, साबुदाण्याच्या दाण्याएवढा. गावाकडे याला फूल पडणं म्हणतात. किती छान शब्द दिलाय लोकांनी या भयंकर गोष्टीला, असं तेव्हा मनात आलं नाही. आमच्या गावात फूल पडलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्यांच्याशी बोलताना आम्ही मुलं त्यांच्या डोळ्याकडे बघायचं टाळायचो.

नदीपलीकडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझ्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी मोठ्या भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, शेतात काही लागलं होतं का? मी म्हटलं, शेत नाही, मार्केट यार्ड. धान्याच्या कुसळातून बुरशी आत गेली होती. त्यांनी सांगितलं की बुबुळावर एक स्वच्छ पडदा असतो, त्याला पारपटल म्हणतात, तो स्वच्छ आहे म्हणून माणसाला दिसतं. बुरशीने तो पडदा खाल्ला जातोय. औषधाचे थेंब तासातासाला घालायचे. बाटली हलवली की औषध दुधासारखं पांढरं व्हायचं.

त्या थेंबांचे आठवडे मला नीट आठवत नाहीत, किंवा एकसारखेच आठवतात. नवऱ्याने रजा घेतली, संपली, मग बिनपगारी घेतली. तो घड्याळ लावून थेंब घालायचा आणि माझ्याकडे बघायचा नाही. स्कूटर त्याने चालवली होती. मी एकदा म्हटलंही, तुम्ही काय कुसळ पेरलं होतं का? तो म्हणाला, दुसऱ्या रस्त्याने गेलो असतो. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, उजेडात जायचं नाही. मी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत चालत राहायची. पाट सरकवायची, परत जागेवर ठेवायची. भांडी घासून झालेली परत घासायची. शेजारणी भेटायला आल्या की त्या कधी जातील याची वाट बघायची, आणि गेल्या की दाराशी उभी राहायची.

बुरशी गेली, पण पडदा पांढरा राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की जखम भरली, वण मात्र बरोबर मधोमध आलाय. औषधाने तो जाणार नाही. कुणीतरी दान केलेल्या डोळ्याचा पडदा मिळाला तर हा काढून तो बसवता येईल. मिळेल तेव्हा कळवू.

किती दिवसांत मिळेल, मी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही," त्या म्हणाल्या. "कुणी गेल्यावर घरच्यांना आठवावं लागतं."

मी काळा चष्मा लावून कामावर परतले. आपली खुर्ची रिकामी राहिली तर तिथे दुसरं कुणी बसेल, ही धास्ती तेव्हा सगळ्यांनाच असायची. अमेरिकेत काहीतरी बिनसलं होतं आणि वरच्या मजल्यावरची एक अख्खी टीम दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसलीच नव्हती. एका डोळ्याने पडदा वाचायला लागलं की डोकं दुखायचं. सरांनी पहिल्याच दिवशी खुर्ची ओढली आणि माझ्या पडद्यावरचे शब्द मोठ्याने वाचायला लागले. मी काही सांगितलं नव्हतं. ते वाचायचे, मी मराठी सांगायची, ते नाक मुरडायचे, मग टाइप करायचे. एका बोटाने. शेजारच्या मुलांना हसू यायचं.

एका दुपारी आम्ही पुन्हा त्या शब्दापाशी आलो. सर थांबले आणि म्हणाले, काळा चष्मा काढा, उजव्या डोळ्यावर हात ठेवा आणि त्या डोळ्याने काय दिसतं ते मला सांगा.

मला चीड आली. माझा डोळा गेलाय आणि या माणसाला शब्दाची पडलीय. मी नाही म्हणणार होते. पण गेल्या कित्येक दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टर बोटं किती दिसतात विचारायच्या, नवरा दुखतं का विचारायचा, आई फोनवर रडायची. मी हात ठेवला.

"उजेड येतो," मी म्हटलं. "खिडकी कुठे आहे ते कळतं. तुमच्या जागी काहीतरी आहे हे कळतं, हललं तर तेही कळतं. कोण आहे ते कळत नाही."

सरांनी कळफलक स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "मी कोण आहे हे न कळणं तुमच्या दृष्टीने बरंच असेल." आणि चहाला उठून गेले.

वाट बघण्याचे दिवस थेंबांच्या दिवसांपेक्षा वाईट होते. आमच्या घरी फोन नव्हता. दवाखान्यात खालच्या किराणा दुकानाचा, नवऱ्याच्या कचेरीचा आणि माझ्या ऑफिसचा असे तीन नंबर दिले होते. दुकानात फोन वाजला की मी जिन्यात यायची. दुकानदाराने पुढे पुढे खालूनच हात हलवून नाही म्हणायला सुरुवात केली. ऑफिसात स्वागतकक्षातला फोन खणखणला की मी शब्द सांगता सांगता थांबायची. पण खरी तगमग वेगळीच होती, आणि ती मी नवऱ्याला सांगितली नव्हती. मी एका फोनची वाट बघत होते, म्हणजे कुणाच्या तरी मरणाची. स्वारगेटच्या थांब्यावर उभी असताना रुग्णवाहिका गेली की मी मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत बघायची. बसमध्ये एखादे आजोबा समोर बसले की माझं लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे जायचं. काळेभोर, स्वच्छ डोळे असले की तिथून नजर हलायची नाही. एकदा एका बाईंनी विचारलं, ओळखलं का मला? मी नाही म्हणून पुढच्या थांब्यावरच उतरले आणि उरलेला रस्ता चालत गेले. लहानपणापासून घरी म्हणत आले होते, सगळे प्राणी सुखी होवोत. तेव्हाही रोज म्हणायची. म्हणून झालं की वाटायचं, सगळे सुखी झाले तर माझ्या डोळ्याचं काय?

शेवटी एकदा नवऱ्याला बोलले. तो जेवत होता. घास खाली ठेवून म्हणाला, "तुझ्या वाट पाहण्यानं कोणी मरत नाही. अन् न पाहण्यानं जगतही नाही."

हे बरोबर होतं, पण त्याने तगमग कमी झाली नाही.

फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये होते. चार वाजले असतील, हातात चहा होता. सर जिन्याने धापा टाकत आले, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाले, आता काही प्यायचं नाही, चला. स्वागतकक्षातल्या मुलीने मला शोधलं, मी दिसले नाही म्हणून त्यांनी फोन घेतला होता. त्यांनी यार्डातही कळवलं होतं. नवरा परस्पर दवाखान्यात येणार होता. कप कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. तो हातात घेऊनच ते खालपर्यंत आले आणि पहारेकऱ्याच्या हातात दिला.

त्यांची स्कूटर फाटकाशी उभी होती, पण त्यांनी रिक्षा केली. विद्यापीठाच्या चौकात सगळं अडून बसलेलं. रिक्षावाला इंजिन बंद करून तंबाखू मळायला लागला. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. आता जे व्हायचं ते व्हायच्या आधी मला कुणाला तरी सांगायचं होतं, आणि शेजारी सर होते. मी त्यांना सांगितलं की मी गेले दोन महिने माणसांच्या डोळ्यांकडे बघत फिरतेय, मला स्वतःची किळस येते, आणि आज कुणाच्या तरी घरी रडारड चालली असेल आणि मला आनंद झालाय.

सर समोर बघत होते. त्यांनी सांगायला सुरुवात केली तेव्हा मला आधी वाटलं की ते विषय बदलतायत. त्यांची पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली होती. तिने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी तिचे डोळे दिले. दोन माणसं आली, अर्ध्या तासात काम करून गेली, फार सभ्य माणसं होती. नंतर त्यांनी जाऊन विचारलं की ते कुणाला बसवले. तसं सांगत नाहीत, असं उत्तर मिळालं. ते पुन्हा गेले. पुन्हा तेच. मुलगा अमेरिकेहून फोनवर म्हणाला, बाबा, असं करू नका.

"त्यानंतर वर्षभर मी लोकांच्या डोळ्यांकडे बघत होतो," सर म्हणाले. "लक्ष्मी रोडला, बँकेत, भाजी घेताना. मला माहीत होतं की नुसता वरचा पडदा असतो, त्यात ओळखण्यासारखं काही नसतं. तरी बघत होतो. तुम्ही निदान कामासाठी बघत होता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत लावला.

"म्हणून त्या दिवशी विचारलं, काय दिसतं ते," ते म्हणाले. "शब्दासाठी नव्हतं. तिचा पडदा बसवायच्या आधी त्या माणसाला काय दिसत असेल, हे मला कुणी सांगू शकलं नव्हतं."

पुढची गाडी हलली, रिक्षावाल्याने खाली वाकून दांडा ओढला आणि आम्ही निघालो. दवाखान्याच्या दारात नवरा उभा होता, शर्टावर पोत्यांचा धुरळा तसाच. त्या दोघांची तीच पहिली भेट. सरांनी त्याला नमस्कार केला आणि रिक्षाचे पैसे कुणी द्यायचे यावर दोघे उगाचच वाद घालत राहिले.

डोळ्याच्या बाजूला सुई टोचून डोळा बधिर केला. मी जागी होते. वरून मोठा दिवा होता आणि माझ्या पांढऱ्या पडद्यातून तो दुधाच्या पातेल्यासारखा दिसत होता. मग एका क्षणी तो पडदा निघाला असावा, कारण सगळे रंग एकदम वितळल्यासारखे झाले, काही ओळखू येईना. डॉक्टरीणबाई हळू आवाजात सुई मागत होत्या. कुणाचा पडदा, कुठून आला, बाई की पुरुष, हे मी विचारणार नाही असं मी रिक्षातच ठरवलं होतं. तरी पट्टी बांधत असताना तोंडून निघून गेलं. त्या म्हणाल्या, वय साधारण तुमच्या आईएवढं. याहून जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. बोटं दिसली, तीन. डॉक्टरीणबाईंचा चेहरा ओल्या काचेपलीकडे असल्यासारखा. त्या म्हणाल्या, टाके आहेत, सूज आहे, घाई करू नका. घाई करू नका हे वाक्य त्या वर्षात मी इतक्या वेळा ऐकलं की ते ऐकताच मला उठून चालू लागावंसं वाटायचं. डोळा लाल झाला, दुखला, अंधुक झालं तर त्याच दिवशी यायचं, कारण शरीर परका पडदा नाकारू शकतं, असं त्यांनी बजावलं होतं. त्यामुळे आता मी रोज सकाळी उठून उजवा डोळा झाकायची आणि समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचायची. कालच्यापेक्षा कमी दिसलं असं वाटलं की मी पहिल्या तारखेपासून परत वाचायची, आणि नवरा म्हणायचा, आज ढग आहेत. खिडकी उघडून बघायची तर खरंच ढग असायचे.

टाके हळूहळू निघाले, चष्मा लागला आणि एका सकाळी नवरा दाढी करताना मला त्याच्या मिशीतला पांढरा केस डाव्या डोळ्याने दिसला. मी सांगितलं. तो आरशात शोधत राहिला, त्याला सापडेना. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "कुठे? दाखव." मी बोट ठेवलं. कुसळ डोळ्यात गेल्यापासून त्याने माझ्याकडे असं सरळ त्या दिवशीच पाहिलं.

प्रोग्रामचं म्हणाल तर तो शब्द आमच्या हातात राहिलाच नाही. बंगळूरच्या मुख्य कचेरीने सगळ्या भाषांना मिळताजुळता शब्द हवा म्हणून हिंदीवरून अर्धपारदर्शक असं ठरवलं. सर माझ्या मागे उभे राहून तो पडदा बघत होते. म्हणाले, "जिंकलात." मी म्हटलं, मला तर दुधी हवं होतं. ते म्हणाले, तेही खरंच. प्रोग्राम फारसा खपला नाही. अप्पा बळवंत चौकात एका छपाईवाल्याकडे मी भाच्याच्या लग्नाची पत्रिका करायला गेले तेव्हा त्याच्याकडे तोच प्रोग्राम होता, इंग्रजीतला. तो म्हणाला, मॅडम, गणपतीची ट्रान्स्परन्सी थोडी वाढवू का, खालची अक्षरं उठून दिसतील. मी वाढवा म्हटलं.

सरांचा करार संपला आणि त्यांचं येणं थांबलं. टाके निघाल्यावर मी एका रविवारी नारायण पेठेत त्यांच्या घरी गेले. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एका भिंतीला पुस्तकं, दुसऱ्या भिंतीवर त्यांच्या पत्नीचा फोटो. फोटोतल्या बाई हसताना डोळे बारीक करणाऱ्या होत्या, डोळे नीट दिसतच नव्हते. सरांनी स्वतः चहा केला. मला म्हणाले, साखर स्वयंपाकघरात आहे, डाव्या हाताच्या फळीवर, घेऊन या. मी आत गेले, डबा काढला, आणि आपण या घरात आत आलोय हे मनातल्या मनात टिपून ठेवलं. आपण अजून असं टिपून ठेवतो याचा मला तिथेच, हातात साखरेचा डबा असताना, राग आला. त्यांचा आला की माझा, ते ठरवता येईना. बाहेर येऊन मी डबा त्यांच्यापुढे ठेवला.

चहा झाल्यावर ते म्हणाले, बघू का? मी खुर्ची खिडकीकडे वळवली आणि चष्मा काढला. ते वाकून बघत राहिले. मला माहीत होतं ते कुणाला शोधतायत, आणि त्यांनाही माहीत होतं की त्या तिथे असणं शक्य नाही. त्यांच्या पत्नीचे डोळे माझ्या कितीतरी आधी कुणाकडे तरी गेले होते. मला नजर हलवावीशी वाटत होती. मी हलवली नाही.

"छान बसवलंय," शेवटी ते म्हणाले. "शिवण दिसते, पण कडेला."

त्यानंतर मी दोन-तीनदा गेले. मग आम्ही वारज्याला राहायला गेलो, मुलगी झाली, कंपन्या बदलल्या, आणि सर मुलाकडे अमेरिकेला गेल्याचं कुणीतरी सांगितलं. ते परत आले की नाही हे मला कळलं नाही. त्यांचा इमेल माझ्याकडे होता, एकदा पाठवलेलं पत्र परत आलं.

बसवलेला पडदा कायमचा नसतो, हे मला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. गेल्या पावसाळ्यापासून डाव्या डोळ्याला दिव्यांभोवती कडं दिसायला लागलंय, आणि सकाळी उठल्यावर बराच वेळ सगळं धुक्यातलं असतं, दुपारपर्यंत निवळतं. डॉक्टरीणबाईंचे केस आता पिकलेत. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाल्या की आतल्या पेशी थकल्यात, पडद्यात पाणी धरतंय, अजून काही महिने थेंबांवर चालेल, मग बहुतेक दुसरा लागेल.

मुलगी शेजारी बसली होती. ती सॉफ्टवेअरमध्येच आहे, हिंजवडीला जाते. तिने विचारलं, वेटिंग किती असतं? डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्स उघडली, बंद केली, आणि म्हटलं, नाव लावून ठेवा.